नागलीचे पापड: पाच-सहा गटांनी मिळून विकायचे तर

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडचे बचत गट नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड चांगले करतात, पण एकेकटे विकायला गेले की मार खातात. नाशिकच्या दुकानदाराला दरमहा ठरलेला माल लागतो आणि शेतीची कामं सांभाळून एका गटाला तो पुरवता येत नाही. पाच-सहा गट जोडले की जमतं. फक्त सुरुवात ब्रँडच्या नावापासून नको, त्यातच तीन बैठका जातात. आधी खरेदी एकत्र करा: काढणी झाली की वर्षाची नागली सगळ्या गटांसाठी एकदम घ्या, कडक वाळवा आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.

मग माप. २०० ग्रॅमच्या पाकिटात २५ पापड, म्हणजे वाळलेला पापड ८ ग्रॅमचा. ओल्या लाटीचं (पापड लाटायच्या पिठाच्या गोळीचं) वजन त्यावरून काढा: दहा लाट्या तोलायच्या, त्यांचे पापड वाळवून पुन्हा तोलायचे, किती घट येते ते लिहायचं. सगळ्या गटांत लाटी तेवढीच आणि कडा कापायला डब्याचं झाकण एकाच आकाराचं. नागलीत ग्लुटेन, म्हणजे गव्हासारखा चिवटपणा देणारा घटक नसतो, त्यामुळे उकड (शिजवलेलं पीठ) कच्ची राहिली की पापड चिरतो. पापडखार चिमटीने नको, काट्यावर तोला. जास्त झाला तर पापड तळताना लाल पडतो आणि कडवट लागतो.

पाकिटावर गटाचा नंबर आणि तारीख हवीच. प्रत्येक घाणीतले (एका वेळी केलेल्या मालातले) दोन पापड तळून बघा, एक पाकीट तीन महिने बाजूला ठेवा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हा ते औषध न वापरणारे बागायतदारही भरडले गेले. पापडाचंही तसंच: एका गटाच्या बुरशीने सहाही गटांचं नाव जातं. नंबर असला तर निदान त्या गटाचाच माल परत घेता येतो.

आता खरी अडचण, पैसा. दुकानं उधारीवर घेतात. समजा महिन्याला ६०० पाकिटं जातात आणि गटाला पाकिटामागे ७० रुपये द्यायचे आहेत, तर महिन्याचे ४२,००० झाले. माल देताच ६० टक्के द्यायचे ठरवलं तर २५,२०० लागतात; उधारी ४५ दिवस चालली की ३७,८०० अडकतात. म्हणून सहा गटांनी प्रत्येकी १०,००० घालून ६०,००० चा फिरता निधी करा. उरलेल्यात पाकिटं आणि गाडीभाडं निघतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती कराच. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हे बिलावरच छापा.

नवी संस्था काढायची घाई नको. उमेद या सरकारी अभियानाचा प्रभागसंघ (गटांचा संघ) किंवा माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) लोकसंचालित साधन केंद्र जवळ असेल तर हिशेब तिथेच ठेवा. उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात, शिवाय विक्री होवो न होवो, ऑडिटचा खर्च दरवर्षी येतोच. अन्नसुरक्षा नोंदणी मात्र जागेवार असते, म्हणून प्रत्येक गटाची वेगळी.

बाहेर विकायला पूर्ण बंदी घालू नका. ती कुणी पाळत नाही, वर लपवाछपवी सुरू होते. ठरलेला कोटा आधी द्यायचा, उरलेला माल जिचा तिचा.

जून ते सप्टेंबर ऊन नसतं. चार महिन्यांची २,४०० पाकिटं, म्हणजे ४८० किलो पापड, मेअखेर कडक वाळवून हवाबंद डब्यांत तयार हवेत.