हळदीला भरणी चुकवू नका

आमचं शिवार कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. दहा गुंठे सेलम जातीची हळद दरवर्षी ठरलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा बेणं निवडायला बसवलं होतं. बेण्याला जेठे गड्डे घ्या, म्हणजे झाडाच्या बुडाचा मधला कंद. वजन ५० ग्रॅमच्या वर, डोळे फुगलेले, मुळ्या काढून साफ केलेले. दाबल्यावर मऊ लागला की तो गड्डा बाजूला. दहा गुंठ्यांना अडीच क्विंटल पुरतं.

लावण अक्षय तृतीयेपासून मेअखेरपर्यंत उरकायची. गादीवाफा फूटभर उंच धरा, हळदीला पाणी हवं पण साचलेलं सोसत नाही. फुटाफुटावर गड्डा, डोळा वर, कंद पूर्ण मातीआड. कडेला घेवडा, मिरची चालते. मका मात्र नको, हळदीचं सगळं खाऊन टाकतो.

अडीच-तीन महिन्यांनी भरणी. सरीतली माती खोदून बुडाला लावायची, एकही कंद उघडा दिसता कामा नये. नवी हळकुंडं या मातीत पोसतात, आणि उघड्या कंदावर कंदमाशी अंडी घालते. एका साली पाऊस उघडेना, कामाला बायका मिळेनात, शेवटच्या चार ओळी तशाच राहिल्या. सप्टेंबरात तिथले पोंगे, म्हणजे मधली कोवळी पानं, पिवळे पडले. एक धरून ओढला तर अलगद हातात आला, बुडाला कुजका वास. कंद फोडला तर आत शितासारख्या पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या ओळींतून बेण्यापुरतंही निघालं नाही. तेव्हापासून भरणी पहिली, बाकीची कामं मागून. शिवाय २०० ग्रॅम एरंडी भरडून दीड लिटर पाण्यात, पसरट भांड्यात ठेवते. आठ-दहा दिवसांत आंबली की माश्या वासाने येऊन त्यात पडतात. एकरी दोन-तीन भांडी लागतात.

जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की आधी पाणी तोडा, मग पाला जमिनीलगत कापून चार-पाच दिवसांनी काढणी. शिजवताना हळकुंडात काडी टोचून बघायची, सहज आरपार गेली की उतरवायचं. जास्त शिजली तर रंग बिघडतो. मग दहा-पंधरा दिवस कडक ऊन. वाळलेलं हळकुंड मोडताना खट्ट वाजतं. वाजलं नाही, नुसतं वाकलं, तर अजून दोन उन्हं द्या.