जपानी घरात राहायला जाताय? मग आधी ‘दाइजोबू’ समजून घ्या

एक्सचेंजवर जपानला निघालेले बहुतेक जण मला एकच विचारतात: एन३, म्हणजे जपानी भाषा परीक्षेची मधली पातळी, झालीय, होस्ट फॅमिलीत निभेल का? निभेल. त्याखालच्या एन४ वाल्यांचंही निभतं. मी जी अर्धपोटी राहिले, ती भाषा कमी पडली म्हणून नाही.

दहा महिने मी नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला होते. घरात ओतोसान (वडील), ओकासान (आई), ओबाआसान (आजी) आणि एक शाळकरी मुलगा. पहिल्याच रात्री माझी भाताची वाटी रिकामी बघून ओकासाननी विचारलं, "ओकावारी?" म्हणजे अजून वाढू का. भूक होती. पण आल्या आल्या "हो, वाढा" कसं म्हणायचं? आपल्याकडे पाहुणा आधी "नको, पुरे" म्हणतो, वाढणारी आग्रह करते, मग पाहुणा "बरं, थोडासाच" म्हणतो. त्याच सवयीने मी "दाइजोबू देस" म्हणाले. ओकासान हसल्या आणि वाटी उचलून घेऊन गेल्या.

हे नीट वाचा, कारण मी यातच अडकले. पुस्तकात दाइजोबूचा अर्थ ‘ठीक आहे’ असा दिलेला असतो. पण कुणी काही देऊ केल्यावर तुम्ही दाइजोबू म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको’. सभ्यपणे म्हटलेलं, पण नकोच. आपला नकार हा पुष्कळदा आग्रहाची वाट बघणारा असतो. माझ्या ओकासाननी तो खरा मानला, कारण नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारून अवघडवणं त्यांना बरं वाटेना. मी रोज दाइजोबू म्हणत राहिले, त्या रोज वाटी उचलत राहिल्या.

मग हिवाळा आला. तिथल्या अनेक घरांत जिथे माणसं बसलेली असतात तेवढीच खोली तापवतात. आमच्याकडे रॉकेलचा हीटर होता, तो झोपताना बंद व्हायचा. जानेवारीत मात्सुमोतोला रात्री पारा शून्याच्या खाली जातो. "सामुकु नाइ?" थंडी वाजत नाही ना? "दाइजोबू देस." आठवड्याभरात ३९ अंश ताप. दवाखान्यातून परतताना ओकासान गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री माझ्या पायांशी युतांपो, म्हणजे गरम पाण्याची पिशवी, ठेवताना म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आमच्याकडून काही घ्यायलाच आवडत नाही." रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या वाक्याने आजही पोटात कालवतं.

निघताना एका सीनियरने सांगितलं होतं, "अडलं की दाइजोबू म्हण, वर्ष निघून जातं." असले सल्ले घेऊ नका. जो स्वतः हॉस्टेलवर राहिला त्याला होस्ट फॅमिलीबद्दल विचारूच नका. भाषांतराचं ॲप दुकानात चालेल, जेवणाच्या टेबलावर ते काढलंत की समोरचं माणूस बोलायचं थांबतं.

शाकाहारी असाल तर इथे तर अजिबात भीड धरू नका. "मांस खात नाही" एवढं पुरत नाही. मिसो सूपचं दाशी, म्हणजे त्याचं मूळ सार, बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या माशाचं असतं. कोंबू या समुद्री शेवाळाचं किंवा शिताके अळंब्यांचं दाशीही होतं, पण तुम्ही बोललात तरच. जाण्याआधीच्या फॉर्मवर लिहा आणि पहिल्या दिवशी तोंडानेही सांगा.

बाकीचं आपोआप जमतं. ओफुरोत, म्हणजे गरम पाण्याच्या टबात, उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवा. टबातलं तेच पाणी पुढे सगळं घर वापरणार असतं, म्हणून बूच काढू नका, झाकण ठेवा. जेवायला उशीर होणार असेल तर दुपारीच लाइन या मेसेजिंग ॲपवर कळवा. टॉयलेटमधल्या चपला घालून बाहेर येणं प्रत्येकाच्या हातून एकदा घडतंच, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

दोन वाक्यं मात्र विमानात बसण्याआधी मोठ्याने म्हणून बघा: "चोत्तो सामुई देस", जरा थंडी वाजतेय, आणि "ओकावारी ओनेगाइ शिमास", अजून वाढा ना. दुसरं मी फेब्रुवारीत पहिल्यांदा म्हणाले, वाटी दोन्ही हातांनी पुढे करून. ओबाआसान खाता खाता थांबल्या. ओकासाननी वाटी भरली, त्यावर नोझावाना या पालेभाजीचं लोणचं ठेवलं आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.