मासा आजारी पडला की होणाऱ्या या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या आमच्या जुन्या घरी दोन फुटी टँक होता. त्यातला ऑरंडा गोल्डफिश एके सकाळी पर मिटून तळाला बसलेला दिसला. मी घाबरलो. सगळा टँक रिकामा केला, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि ताजं पाणी भरलं. आदल्याच दिवशी सोसायटीची टाकी साफ करून तिच्यात ब्लिचिंग पावडर टाकली होती. नोटीस बोर्डावर तसं लिहिलंही होतं, मी वाचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ऑरंडा गेला आणि सकाळी ठणठणीत असलेले दोन मासेही गेले. ते दोघं आजाराने नाही, माझ्या धांदलीने मेले. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

सगळं पाणी एकदम बदलू नका

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो, आणि तो विषारी असतो. स्पंजमध्ये आणि खडीवर वस्ती करून राहिलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली स्पंज धुतला की त्यातली बरीचशी मरते आणि आधीच खंगलेला मासा अमोनियाच्या तावडीत सापडतो.

त्यामुळे एका वेळी पाव ते एक तृतीयांश पाणीच बदला. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात, बादलीत, हलक्या हाताने पिळायचा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येवो की ठाण्यात शहाड-टेमघरचं, नळाला येतं ते क्लोरीन घातलेलंच. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन घाला, नाहीतर पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून मग वापरा. टाकी धुतली त्या आठवड्यात अँटी-क्लोरीनशिवाय पाणी टँकला लावूच नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते थेट ओतलं तर तापमानाच्या धक्क्यानेच मासा आडवा होतो.

पाणी न तपासता औषध देऊ नका

सगळेच मासे एकदम वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, तर तो बहुधा रोग नसतो. पाणी बिघडलेलं असतं किंवा ऑक्सिजन कमी पडलेला असतो. एकच मासा कोपरा धरून बसला आणि बाकीचे मजेत फिरत असले, तर आजाराचा विचार करा. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट औषधाच्या दोन-तीन बाटल्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. शून्य नसेल तर औषधाची बाटली बंद ठेवा, थोडं पाणी बदला, खाणं थांबवा. कितीतरी मासे एवढ्यानेच दोन-तीन दिवसांत सावरतात.

पांढरे ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका

रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसू लागतात आणि मासा खडीला अंग घासतो. याला आपल्याकडे सगळे व्हाइट स्पॉट म्हणतात. हा एक परजीवी आहे. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोहोचत नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, खडीत स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत जातो. एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि नवा मासा शोधत पोहतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

आता चूक कुठे होते ते बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके दिसेनासे होतात आणि घरातले म्हणतात, बरा झाला. खरं तर त्या वेळी परजीवी खडीत वाढत असतो. चार दिवसांनी दुप्पट ठिपके येतात आणि दोष औषधाला दिला जातो. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान पाच-सहा दिवस उपचार चालू ठेवा. पाणी गरम असलं की हे चक्र लवकर फिरतं, म्हणून हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश करत 30 पर्यंत नेतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप चालूच हवा. गोल्डफिश थंडाव्यातला मासा, त्याला एवढं तापवायला जाऊ नका.

अंदाजाने थेंब टाकू नका

दुकानदार टँक केवढा हे न विचारताच ‘दहा थेंब टाका’ म्हणतो. आपण मोजून घ्यावं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. 60 बाय 30 बाय 30 चे 54 लिटर होतात. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी 45 च्या आसपास.

फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, तो औषध शोषून घेतो. मिथिलीन ब्लू म्हणजे निळं औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका, फिल्टरमधल्या जिवाणूंना ते मारतं आणि काचा जोडणारं सिलिकॉन कायमचं निळं होतं. त्यासाठी 20 लिटरचा प्लास्टिकचा टब वेगळा ठेवा. त्यात स्पंज फिल्टर आणि लपायला एखादं मातीचं कुंडकं पुरतं. नवा आणलेला मासाही दोन-तीन आठवडे याच टबात ठेवा. आमच्याकडचे बहुतेक आजार नव्या माशाबरोबरच आले होते.

खडे मीठ लिटरला एक-दोन ग्रॅम चालतं, पण विरघळवून, थोडं थोडं करून. वनस्पती आणि कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) असतील तिथे टाळा. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून आटलेलं भरताना पुन्हा मीठ घालू नका. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टाकणं तर नकोच.

रात्री फिल्टर बंद करू नका

‘आवाज येतो’ म्हणून झोपताना मोटर बंद करणारी घरं पुष्कळ आहेत. वाहतं पाणी थांबलं की स्पंजमधले जिवाणू गुदमरतात. लाइट गेली तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप लावा. तो नसेल तर मगाने पाणी वरून पुन्हा पुन्हा ओतत राहा.

मासा तलावात सोडू नका

बरा होत नाही म्हणून, किंवा जीव तुटतो म्हणून, मासा ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडला जातो. त्याच्याबरोबर आजारही तिथे जातो आणि बाहेरचे मासे तिथल्या माशांच्या मुळावर येतात. मासा गेलाच तर कुंडीत खोल पुरा. आणि त्याला काढायला वापरलेली जाळी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या टँकमध्ये घालू नका.