चर्चच्या मंडळीच्या पुढच्या दहा वर्षांची आखणी करायला बैठक घेताय? आधी आखीव पत्रिका काढा

प्रार्थना, खुर्च्या, चहा हे सगळं होतंच. त्याआधी सिटी सर्व्हेच्या कार्यालयात जाऊन चर्चच्या जागेची आखीव पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, काढा. आता ती ऑनलाइनही मिळते, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब चालायची नाही. मागच्या वेळी सेक्रेटरी मी होतो आणि नेमकी हीच राहिली. दोन शनिवार बसून आम्ही ठरवलं, हॉल वाढवायचा आणि वरच्या मजल्यावर नर्सिंगच्या मुलींसाठी खोल्या काढायच्या. लोक वर्गणीचे आकडेही बोलले. मग मागच्या बाकावरून एका काकूंनी विचारलं, "पण जागा कोणाच्या नावावर हाय?" पत्रिका निघाली तेव्हा कळलं, जमीन नझूलची, पट्टा, म्हणजे भाडेपट्टा, जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावे आणि मुदत कधीचीच संपलेली. नागपुरात हे नवल नाही. नझूल म्हणजे मालक सरकार, आपण फार तर पट्टेदार, आणि पट्ट्याचं नूतनीकरण ज्याचं त्याने करून घ्यायचं. कागद नीट नसले तर नकाशा मंजुरीचं नावही काढू नका.

तारीख. डिसेंबर नको, नाताळ आणि विधानसभेचं अधिवेशन एकदमच येतं, सिव्हिल लाइन्सकडे रस्ते बंद. मे तर नकोच. ईस्टरआधीच्या उपवासकाळातही नको. रविवारी उपासनेनंतर ठेवाल तर घरी मटण शिजत असतं, निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे. पावसाळ्यातला शनिवार बरा, फक्त नर्सबाईंच्या ड्युट्या आधी विचारून घ्या. बुटीबोरी-हिंगण्याकडून येणाऱ्यांना परत कोण सोडणार, तेही.

सभासद यादी घरोघरी जाऊन तपासा. आमच्या यादीत पुण्याला स्थायिक झालेली अख्खी कुटुंबं होती. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन, तिन्ही रजिस्टरं काढून दहा वर्षांचे आकडे फळ्यावर लिहा. आमच्याकडे दफनं बाप्तिस्म्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. त्यानंतर बराच वेळ हॉलबद्दल कोणी बोललं नाही, आणि मला वाटतं खरी बैठक तिथे सुरू झाली. कोणासाठी बांधतोय आपण हे?

तरुणांना वेगळं बसवा, आईवडील खोलीत नकोत. आईवडिलांसमोर ते फक्त "चालेल" म्हणतात.

एक वडीलधारे, मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपुरात आले तिथपासून सुरुवात करतील आणि २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना इथेच झाली, इथवर येतील. ऐकायला मलाही आवडतं. दहा मिनिटं द्या, मग नम्रपणे माइक घ्या.

पाळकसाहेबांच्या भरवशावर योजना उभी करू नका. त्यांची बदली होते, मंडळी इथेच राहते.

हिशेब तीन वर्षांचे, ऑडिट झालेले. आणि पत्रिका! कोणी म्हणेल, बांधायचं नाही तर हॉल एखाद्या क्लासला भाड्याने देऊ, त्याला कशाला लागते पत्रिका? लागते. नझूलची जागा पट्ट्यात लिहिलेल्या कामासाठीच वापरायची असते. शिवाय सार्वजनिक न्यासाची, म्हणजे ट्रस्टची, बिगरशेती जागा ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. ती मागायची ट्रस्टने, आपण नव्हे. म्हणून पत्रिकेवर ज्याचं नाव असेल त्याच्याशी बैठकीआधी बोला. आम्ही नंतर बोललो. तोवर जमा झालेली वर्गणी परत करताना एकेका घरी चहा प्यायला, तो घशाखाली उतरत नव्हता.

बाकी किरकोळ. फळा, खडू, माइक, आलुबोंडे. इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, सह्या घ्या, कोण काय करणार ते नावानिशी. पत्रिकेच्या दहा झेरॉक्स दाराशी ठेवा. पट्ट्याचा जुना कागद सापडलाच तर तो चर्चच्या कपाटात ठेवा, सेक्रेटरीच्या घरी नको. माझ्या घरी ठेवलेला मी अजून शोधतोय.