कथेवर फीडबॅक द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा

ऑनलाइन ग्रुपवर कोणी कथा टाकली की खाली पटापट "छान", "आवडली", "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) पडतात, लिहिणाऱ्याला दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुढचा खर्डा लिहायला बसल्यावर त्यातलं काहीच कामाला येत नाही. दुसऱ्या टोकाला एखादा असतो जो ऱ्हस्व-दीर्घापासून शेवटापर्यंत सगळं सोलून काढतो आणि वर स्वतःचा वेगळा शेवटही लिहून देतो. एक गोष्ट दोघांनीही सांगितलेली नसते, की वाचताना त्यांचं नेमकं काय झालं. आणि लेखकाला खरं तर तेवढंच हवं असतं, कारण बाकी सगळं तो स्वतः करू शकतो, फक्त स्वतःची कथा पहिल्यांदा वाचणं त्याला आता कधीच जमणार नसतं.

म्हणून फीडबॅक द्यायचा असेल तर पहिलं वाचन काहीही न खुणावता, न थांबता करा. कथा छोटी आहे, दहा-पंधरा मिनिटांचं काम. फक्त स्वतःवर लक्ष ठेवा, कुठे मन भरकटलं, कुठे वर जाऊन परत वाचावं लागलं, कुठे पुढचं आधीच कळलं, कुठे हसू आलं. मग कथा बंद करून दोन ओळींत लिहा की कथेत काय घडलं आणि ती कशाबद्दल आहे असं तुम्हाला वाटलं. हे फार साधं वाटतं म्हणून लोक गाळतात, पण माझ्या मते अख्ख्या फीडबॅकमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच. लेखकाने लिहिलीय दोन भावांच्या भांडणाची गोष्ट आणि तुम्ही लिहिलंत "आईच्या आजारपणाची कथा", तर त्याला जे कळायचं ते कळलं, पुढे काही बोलायचीही गरज नाही.

दुसऱ्या वाचनात जागा दाखवा. "मध्ये जरा संथ वाटली" याचं लेखकाने करायचं काय? मध्ये म्हणजे कुठे? त्याऐवजी असं काहीतरी: "ती दार उघडते तेव्हा मला वाटलं घरात एकटीच आहे, तीन ओळींनी धाकटा भाऊ बोलायला लागला, मी दचकून वर गेलो बघायला की हा कधी आला." यात तुम्ही काही ठरवून दिलेलं नाही, तुमचं काय झालं ते सांगितलंत. आता भावाला आधी आणायचं, दार उघडायचा प्रसंगच काढायचा की तो दचका मुद्दाम तसाच ठेवायचा हे लेखकाचं तो बघेल. उपाय सुचवूच नका असं नाही, सुचवा, पण आधी दुखणं सांगून मग, आणि "माझ्या डोक्यात एक आलं, पटलं तर बघ" इतक्याच जोराने.

उपायांबद्दल जपून राहायचं कारण म्हणजे कथेत दुखतं एकीकडे आणि बिघाड असतो दुसरीकडे. "शेवट पटला नाही" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, आणि बऱ्याचदा शेवटात काहीच चुकलेलं नसतं. नवरा घर सोडून जातो हे पटत नाही कारण तो जाऊ शकतो अशी एकही खूण आधीच्या पानांत नाही. शेवट बदलला तरी तेच होणार. तसंच सुरुवातीचं. लघुकथेत पहिले दोन परिच्छेद पुष्कळदा लेखक घसा साफ करत असतो, हवामान, खिडकी, चहा वगैरे, आणि गोष्ट तिसऱ्यात सुरू होते. तुम्हाला तसं वाटलं तर सरळ लिहा की मी या वाक्यापासून गुंतलो. "सुरुवात उडव" म्हणायची गरजच पडत नाही.

कौतुकही असंच जागेवर बोट ठेवून करा. ते शिष्टाचाराचं साखरपाणी नाहीये, माहिती आहे. "म्हातारा पैसे मोजताना मध्येच थांबतो ते वाक्य मी परत वाचलं" असं कोणी सांगितलं नाही तर पुढच्या खर्ड्यात लेखक नेमकं तेच वाक्य कापून टाकतो, त्याला माहीतच नसतं ते चाललंय म्हणून.

शुद्धलेखन. पहिला खर्डा असेल तर सोडून द्या, जो परिच्छेद उद्या जाणारच आहे त्यातल्या वेलांट्या सुधारून काय करायचंय. एकच चूक सारखी होत असेल तर एकदा सांगा आणि पुढे चला. आणि प्लीज, पात्रांचे बोलीतले संवाद प्रमाण मराठीत "दुरुस्त" करू नका. ते पात्र तसंच बोलतं.

ऑनलाइनचा एक वेगळाच त्रास असा की तुमचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे समोर बसून हसत म्हटलेलं "अरे हे काय लिहिलंयस" स्क्रीनवर थोबाडीत मारल्यासारखं वाचलं जातं. त्यामुळे वाक्यं "मला इथे कळलं नाही" अशी ठेवा, "तुला जमलं नाही" अशी नको. आणि निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कथेतला माणूस बायकोशी नीच वागतो म्हणून लिहिणारीला किंवा लिहिणाऱ्याला विचार शिकवायला जाऊ नका, ती कथा फसलीय का एवढं बघा. एखादा प्रकारच तुम्हाला आवडत नसेल, समजा भुताच्या गोष्टी, तर तसं आधीच सांगा किंवा ती कथा दुसऱ्याला वाचू द्या.

आता घेणाऱ्यांसाठी. अर्धा फीडबॅक कथा टाकतानाच ठरतो. वर दोन-तीन ओळींत लिहा की शब्दसंख्या किती, कितवा खर्डा, आणि तुम्हाला काय विचारायचंय. प्रश्न एक-दोनच आणि नेमके, "कशी वाटली?" हा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर "छान" असंच येणार. "बहीण खोटं बोलतेय हे तुम्हाला कुठे कळलं?" हा प्रश्न. हिंसा, आत्महत्या असं काही असेल तर आधी सूचना द्या. पण कथेचा अर्थ मात्र वर लिहून ठेवू नका, एकदा सांगितलात की तो कथेतून पोचला की तुमच्या सूचनेतून ते कधीच कळणार नाही. आणि "पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या" नको, त्याने लोक खरंच सांभाळून घेतात.

लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास यासाठी एक पद्धत बसवली, ती नाचासाठी होती पण कथेलाही चांगली लागू पडते. आधी बघणारे सांगतात काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग कलाकार आपले प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण ज्यात मत लपलेलं नाही असे, म्हणजे "शेवट इतका अर्धवट का ठेवलास?" चालणार नाही, "शेवटी वाचकाला काय कळावं असं तुझ्या मनात होतं?" चालेल. मतं सगळ्यात शेवटी, तीही कलाकाराला विचारून, त्याने नको म्हटलं तर नाही. थोडी लांबण आहे, पण नव्याने लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये मला हीच बरी वाटते.

दुसरी त्याहून जुनी. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिलफर्डला सायन्स फिक्शन लिहिणारे एकत्र जमून एकमेकांच्या कथा तपासायला लागले, त्यांचा रिवाज असा की प्रत्येकजण आळीपाळीने बोलणार आणि लेखक सगळ्यांचं होईपर्यंत गप्प, मग शेवटी त्याची पाळी. पुढे १९६८ ला सुरू झालेल्या क्लॅरियन या सायन्स फिक्शन लेखनाच्या वर्कशॉपनेही हेच उचललं. लेखकाला असं मुकं बसवायचं कशाला म्हणून यावर टीकाही होते आणि ती चुकीची नाही, पण गप्प राहण्याचा भाग ऑनलाइन फार उपयोगी आहे. पहिल्या कमेंटला तुम्ही "नाही हो, तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की" असं उत्तर दिलंत की मागून येणारे सगळे ते वाचून मगच कथा वाचतात, आणि त्यांचं ताजं मत गेलं. चार-पाच जणांचं येईपर्यंत "वाचल्याबद्दल आभार" एवढंच. नंतर विचारा काय विचारायचं ते, पण विचारा, पटवू नका. वाचक पुस्तक हातात घेईल तेव्हा तुम्ही शेजारी उभे नसणार समजवायला.

आलेलं सगळं लगेच कथेत घालायला बसू नका, राग किंवा आनंद जरा उतरू द्या. मग सगळ्या कमेंट एका फाइलमध्ये प्रसंगाप्रमाणे लावा, कोणी बोललं त्याप्रमाणे नको. असं लावलं की दिसतं की हॉस्पिटलच्या प्रसंगावर तिघं अडखळलेत, एक म्हणतो लांब आहे, एक म्हणते डॉक्टर खोटा वाटतो, एकाला तिथे आणखी तपशील हवेत. तिघांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध, तिघांचंही ऐकलंत तर कथेचा चिवडा होईल, पण गडबड त्या प्रसंगात आहे हे नक्की. याउलट प्रत्येकाला वेगवेगळ्या ठिकाणी काही खटकलं असेल तर ती बहुधा आवडीनिवडीची गोष्ट. आणि एकट्याच कोणीतरी सांगितलेलं, पण वाचताक्षणी पोटात "हे मला माहीत होतं" झालं, ते तिघांइतकं धरा. जुना खर्डा वेगळा सेव्ह करून ठेवा, बदलून बदलून कथा मिळमिळीत झाली तर परत जायला जागा पाहिजे.

एक व्यवहाराचं. कथा कोणालाही दिसेल अशा जागी टाकलीत तर बरीच मासिकं आणि स्पर्धा ती "प्रकाशित" धरतात आणि घेत नाहीत. पाठवायची इच्छा असेल तर नियम आधी वाचा, आणि फीडबॅकसाठी बंद ग्रुप किंवा ठरावीक लोकांनाच उघडणारं डॉक्युमेंट वापरा.

सुधारलेला खर्डा परत टाकताना काय बदललं ते लोकांना आधी सांगू नका, नाहीतर ते तेवढंच तपासतात. आणि सगळ्यांना पहिल्याच फेरीत वाचायला देऊ नका. ज्याने एकदा वाचली त्याला बहीण खोटं बोलतेय हे आता माहीत आहे, नव्या खर्ड्यात ते कळतंय की नाही हे तो सांगूच शकत नाही, त्यामुळे दोघंतिघं चांगले वाचक मुद्दाम मागे ठेवा, शेवटच्या खर्ड्यासाठी.