रोजच्या इंग्रजी वाक्यांतले पॅटर्न कसे पकडायचे, सोलापूरच्या घराघरांतून

टेन्सचे बारा प्रकार शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात आणि तरीसुद्धा फोनवर कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की तोंडातून एक वाक्य धड निघत नाही, कारण आपण नियम पाठ केलेले असतात, वाक्य कधी उघडून बघितलेलं नसतं. म्हणून इथं उलट्या बाजूनं जायचंय, आधी आजूबाजूची वाक्यं घ्यायची, मग त्यातला साचा शोधायचा.

सोलापूरकरांना याचा एक फायदा आहे. आपल्याकडे कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दख्खनी उर्दू. पण इंग्रजी बोलताना सगळे एकाच ठिकाणी अडखळतात, कारण या चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि भूक 'मला' लागते. तेलुगूत 'नाकु', कन्नडमध्ये 'ननगे', दख्खनीत 'मेरेकू', गोष्ट तीच. त्यामुळं खालचं सगळं घरी कुठलीही भाषा असली तरी चालेल.

आधी वाक्यं गोळा करा

एक साधी वही घ्या. दुकानांच्या पाट्या उतरवू नका, त्यात नुसती नावं असतात, वाक्यं नसतात. टॉवेलच्या लेबलवरच्या सूचना, बँकेचे आणि कुरियरचे मेसेज, स्टेशनवरची अनाऊन्समेंट, औषधाच्या बाटलीवरचं 'शेक वेल बिफोर यूज', एवढं पुरे. रोज थोडी वाक्यं, तीही देवनागरीत लिहिली तरी काही बिघडत नाही, आत्ता आपल्याला स्पेलिंग नकोय, रचना पाहिजे.

प्रत्येक वाक्यात क्रियापदाला गोल करा

मग बघा त्याच्या डावीकडं कोण आहे आणि उजवीकडं कोण. 'पोलिसानं चोराला पकडलं' आणि 'चोराला पोलिसानं पकडलं', आपल्याकडं दोन्हीचा अर्थ एकच, कारण '-नं' आणि '-ला' सांगतात कोण कोण आहे ते. इंग्रजीत 'द पोलीस कॉट द थीफ' उलटं करून 'द थीफ कॉट द पोलीस' म्हणालात तर चोरानंच पोलिसाला धरलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही शब्दांना असे प्रत्यय असायचे, पुढं ते झिजत गेले आणि सगळं काम जागेवर येऊन पडलं. 'ही' आणि 'हिम' हा फरक हे त्याचंच उरलेलं शेपूट.

इथं एक सवय लावा. मराठी वाक्य मनात आलं की पहिल्यांदा कोण, लगेच काय केलं, मग बाकीचं. 'मी उद्या नवी पेठेतनं चादर आणणार' याचं 'आय विल बाय अ चादर फ्रॉम नवी पेठ टुमॉरो'. उद्या सगळ्यात शेवटी गेलं आणि 'पेठेतनं' मधलं 'तनं' उडी मारून पेठेच्या आधी आलं. आपले प्रत्यय नावाच्या मागं चिकटतात, त्यांचे शब्द पुढं उभे राहतात, एवढं डोक्यात बसलं की बरंच काम झालं.

रिकामी खुर्ची शोधा

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि क्लासमध्ये यावर कुणी फारसं बोलत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेला की आपण नुसतं 'उकडतंय' म्हणतो. एक शब्द, वाक्य पूर्ण. कोण उकडतंय, काय उकडतंय, कुणी विचारत नाही. इंग्रजीला मात्र कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही, बसायला कुणी नसेल तर 'इट' ला बसवतात. 'इट इज व्हेरी हॉट'. 'इट इज रेनिंग'. 'इट इज नॉट फार फ्रॉम सात रस्ता'. या 'इट' ला काही अर्थ नाही, तो फक्त जागा भरतो.

कर्माचंही तसंच. 'टॉवेल आणलास का?' 'हो, आणला.' आपलं झालं. पण 'येस, आय ब्रॉट' म्हणून थांबलात तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो, 'येस, आय ब्रॉट इट' पाहिजे. आता गंमत बघा, आपल्या एक्सपोर्टच्या टॉवेलवर लेबल असतं 'वॉश सेपरेटली', 'टम्बल ड्राय लो', 'डू नॉट ब्लीच', तिथं 'इट' कुठंच नाही. कारण लेबल, औषधाची बाटली, रेसिपी असल्या सूचनांना ही खास सूट आहे, वस्तू हातातच असते ना. सूचनेत कर्ताही नसतो, क्रियापद थेट पहिल्या जागेवर येतं आणि 'नको' म्हणायचं तर त्याच्या आधी 'डू नॉट'. लेबल वाचून हा साचा पक्का करा पण ती 'इट' खायची सूट बोलण्यात आणू नका.

'मला' ने सुरू होणारी वाक्यं वेगळी काढा

वहीत एक पान फक्त यांच्यासाठी ठेवा. मला भूक लागली, 'आय ॲम हंग्री'. मला ताप आहे, 'आय हॅव अ फीवर'. मला शेंगा चटणी आवडते, 'आय लाइक शेंगा चटणी'. मला दोन मुलं आहेत, 'आय हॅव टू चिल्ड्रन'. आपल्याकडं भूक, ताप, आवड ही माणसाकडं येतात, इंग्रजीत माणूस पहिल्या खुर्चीत बसतो आणि पुढं 'ॲम' येणार का 'हॅव' का सरळ क्रियापद एवढंच ठरवायचं असतं. त्याचा पक्का नियम शोधत बसू नका, वीसेक वाक्यं जमली की कान आपोआप सांगतो. गावाचंही असंच चालतं, सोलापूरला किल्ला आहे, 'सोलापूर हॅज अ फोर्ट', नाहीतर 'देर इज अ फोर्ट इन सोलापूर'. 'टू सोलापूर' नाही.

प्रश्न आणि नकार करून बघा

वहीतलं कुठलंही साधं वाक्य घ्या, 'यू लाइक कडक भाकरी'. आपण सूर बदलला किंवा शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार. तिकडं पुढं 'डू' आणावं लागतं, 'डू यू लाइक'. काल गेलास का, 'डिड यू गो', इथं भूतकाळ 'डिड' नं उचलला, म्हणून 'वेंट' परत 'गो' झालं. 'आय डिडन्ट वेंट' हे आपल्याकडं लई ऐकू येतं, तिथं भूतकाळ दोनदा आला. आणि 'व्हाय यू आर लेट' नाही, 'व्हाय आर यू लेट'. 'आर', 'इज', 'कॅन', 'विल' वाक्यात आधीच असेल तर तेच उडी मारून पुढं येतं, 'डू' ची गरज नाही.

मोबाईलचे मेसेज उघडा

'युवर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड', 'युवर ऑर्डर हॅज बीन शिप्ड', 'युवर पार्सल विल बी डिलिव्हर्ड टुडे'. कुणी जमा केले, कुणी पाठवलं, पत्ता नाही, कारण वाचणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. आपणही 'पैसे जमा झालेत' म्हणतोच की. स्टेशनवरचं 'द इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीप्ली रिग्रेटेड' हे त्याच घराण्यातलं, खेद कुणाला झालाय ते गुलदस्त्यात.

यात एक खाच आहे. 'हॅज बीन शिप्ड' म्हणजे पाठवलंय, बातमी आत्ताची. पण त्यात काल, सोमवारी, 2019 मध्ये असं संपलेल्या वेळेचं काही आलं की 'हॅज' पळून जातो, 'इट वॉज शिप्ड यस्टर्डे'. आपण बिनधास्त 'काल बघितलंय की त्याला' म्हणतो, म्हणून 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' सहज तोंडात येतं. चालत नाही, 'आय सॉ हिम यस्टर्डे'.

अनाऊन्समेंटमध्ये मात्र मराठी थेट कामाला येते. उद्यान एक्सप्रेस 'इज अरायव्हिंग शॉर्टली', म्हणजे येतेय, अजून आलेली नसली तरी. हुतात्मा एक्सप्रेस 'लीव्ज अर्ली इन द मॉर्निंग', म्हणजे सकाळी लवकर सुटते, टाइमटेबलची गोष्ट म्हणून साधा वर्तमान. हे दोन्ही आपण रोज तसंच बोलतो.

'अ' आणि 'द' वर डोकं फार आपटू नका, पहिल्यांदा सांगताना 'अ', समोरच्याला माहिती झालं की 'द', सुरुवातीला एवढं बास. फक्त एक, आपल्याकडं युनिफॉर्मचा धंदा मोठा आहे म्हणून सांगतो, 'अ युनिफॉर्म' म्हणायचं, 'ॲन युनिफॉर्म' नाही, कारण तोंडात पहिला आवाज 'य' चा येतो. उलट 'अवर' मध्ये 'एच' चा आवाजच नाही म्हणून 'ॲन अवर'. अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा.

इंग्रजी पेपरच्या हेडलाइन मात्र वहीत घेऊ नका, निदान पहिले काही महिने. 'मिनिस्टर व्हिजिट्स सोलापूर' म्हणजे येऊन गेले, 'मिनिस्टर टू व्हिजिट सोलापूर' म्हणजे येणार आहेत, 'टू हेल्ड' म्हणजे दोघांना धरलं. हेडलाइनचं व्याकरण वेगळं चालतं, त्यात 'इज', 'वॉज', 'द' सगळं कापलेलं असतं.

आता शब्द बदला

एक वाक्य घ्या, साचा तसाच ठेवा, आतला माल बदला. 'इट इज नॉट फार फ्रॉम सात रस्ता' वरनं 'इट इज नॉट सेफ फॉर चिल्ड्रन', 'इट इज नॉट ईझी फॉर मी'. 'युवर ऑर्डर हॅज बीन शिप्ड' वरनं 'द बिल हॅज बीन पेड', 'द मीटिंग हॅज बीन कॅन्सल्ड'. मोठ्यानं म्हणायचं, मनातल्या मनात नाही. घरात कुणी बरोबर असेल तर एकानं मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये कशातही वाक्य टाकायचं आणि दुसऱ्यानं आधी फक्त एवढंच सांगायचं की पहिल्या खुर्चीत कोण बसणार. 'थंडी वाजतेय'. बसणार 'आय', मग 'ॲम', मग 'कोल्ड'. 'उशीर झाला'. बसणार 'इट', नाहीतर 'वी', कुणाला उशीर झालाय त्यावर.