अपग्रेडनंतर बाइंड सुरू होत नाही? या चुका टाळा

डेबियन लिनक्स ११ वरून १२ वर गेलात, मशीन रीबूट झालं आणि ऑफिसभर एकच ओरड: "नेट बंद आहे!" नेट चालूच असतं. नावांवरून आयपी पत्ते शोधून देणारा बाइंड तेवढा उठलेला नसतो. अशा वेळी घाईघाईने पॅकेज काढून पुन्हा टाकू नका. त्यातही 'पर्ज' तर नकोच, कारण तुम्ही लिहिलेलं कॉन्फिगरेशनही त्यासोबत पुसलं जातं.

आधी जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमचे लॉग दाखवणारी कमांड) 'नेम्ड' सेवेचा, म्हणजे बाइंडचाच, लॉग वाचा. बहुतेकदा नेमकी फाइल आणि ओळीचा क्रमांक तिथे लिहिलेला असतो. मग कॉन्फिगरेशन तपासणारी नेम्ड-चेककॉन्फ ही कमांड चालवा. 'झेड' पर्याय लावलात तर झोनच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या, फाइलीही तपासून होतात.

जुन्या ओळी तशाच ठेवणं

डेबियन ११ मध्ये बाइंड ९.१६ होता, १२ मध्ये ९.१८ आहे. 'डीएनएसएसईसी-एनेबल' (डीएनएसएसईसी म्हणजे नावांच्या उत्तरांवर डिजिटल सही करून ती पडताळण्याची पद्धत) ही ओळ ९.१६ नुसता इशारा देऊन सोडून द्यायचा. ९.१८ ला ती चूक वाटते आणि तो सुरूच होत नाही. 'क्लीनिंग-इंटरव्हल'चंही तेच. दोन्ही ओळी बिनधास्त काढा, कारण आधीही त्यांचा काही उपयोग होत नव्हता.

डेबियन १३ मधल्या ९.२० कडे जाताना मात्र जपून. तिथे सह्या आपोआप करणारं 'ऑटो-डीएनएसएसईसी' उरलेलं नाही, त्याच्या जागी 'डीएनएसएसईसी-पॉलिसी' लागते. माझं कळकळीचं सांगणं आहे: ती ओळ काढून 'डिफॉल्ट' पॉलिसी लावून मोकळे होऊ नका. तुमच्या सहीच्या किल्ल्या आरएसए अल्गोरिदमच्या असतील आणि पॉलिसी ईसीडीएसएची, तर बाइंड जुन्या किल्ल्या बाद करून नव्या आणायला लागतो. वरच्या झोनमधली डीएस नोंद (तुमच्या किल्लीची ओळख पटवणारी) जुन्याच किल्लीची राहिली, तर पडताळणी करणाऱ्या प्रत्येकासाठी तुमचं डोमेन नाहीसं होतं. सध्याच्या किल्ल्यांचा अल्गोरिदम आणि लांबी बघून स्वतःची पॉलिसी लिहा. आणि हे काम अपग्रेडच्या आधी करा, कारण ९.१८ ला दोन्ही पद्धती चालतात.

परवानगी नाकारली की ७७७ करणं

फाइल सगळ्यांना खुली केली तरी 'परमिशन डिनाइड' येतंय? मग अडवणारा बहुतेकदा अ‍ॅपआर्मर (कोणता प्रोग्राम कुठल्या फाइलींना हात लावू शकतो ते ठरवणारा पहारेकरी) असतो, कर्नलच्या लॉगमध्ये 'डिनाइड' शोधा. त्याच्या नियमांनुसार बाइंडला 'ईटीसी'खालच्या आपल्या फोल्डरात फक्त वाचता येतं. डायनॅमिक झोन (ज्यांत बाइंड स्वतः बदल लिहितो) 'व्हार-लिब-बाइंड'मध्ये हलवा. नियमच बदलायचा असेल तर तो अ‍ॅपआर्मरच्या 'लोकल' फोल्डरात लिहा. मूळ फाइलीत लिहिलात आणि पुढच्या अपग्रेडला नवी फाइल स्वीकारलीत, तर तो गेलाच.

५३ पोर्टवर दुसराच बसलेला

उबंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (उबंटूचा स्वतःचा नाव-शोधक) १२७.०.०.५३ वर नावांच्या चौकशीचं पोर्ट ५३ धरून असतो. बाइंड प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्र ऐकतो, त्यामुळे त्याचं सहसा अडत नाही. डीएनएसमास्क (नावं शोधून देणारा दुसरा छोटा सर्व्हर) मात्र एकदम सगळे पत्ते मागतो आणि 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत बंद पडतो. रिझॉल्व्हडचा स्टब लिसनर (त्या पोर्टवर ऐकणारा भाग) बंद करा आणि रिझॉल्व्ह-कॉन्फ (नावं कुणाला विचारायची ते सांगणारी फाइल) कुठे बोट दाखवतोय तेही बघा.

तीच फाइल अपग्रेडला बसण्यापूर्वीही उघडून पाहा. तिच्यात फक्त १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) असेल, तर बाइंड पडल्यावर दुरुस्तीचं पॅकेज उतरवायलाही नाव सापडणार नाही. दुसरा एखादा रिझॉल्व्हर आधीच लिहून ठेवा.